तात्यांनी पाहिलेला घुमट

वाचकहो, प्रत्येक घरात वडीलधाऱ्यांची एखादी ठरलेली गोष्ट असते. कुणाचे आजोबा दुष्काळाची सांगतात, कुणाची आजी वाघाची सांगते. घरातल्या पोरांना ती पाठ असते आणि म्हातारे माणूस सुरुवात करायच्या आधीच पोरे एकमेकांकडे बघून हसायला लागतात. तुमच्याही घरात असे होत असेल. आमच्या घरातली गोष्ट मुंबईतल्या एका घुमटाची होती. ती सांगणारे आमचे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांची गोष्ट मी एका शब्दाने कशी बंद पाडली आणि पुढे पन्नास वर्षांनी तीच गोष्ट मला कुठे भेटली, ते आज तुम्हाला सांगायचे आहे.

आमचे गाव घोटीपासून दोन कोसांवर. घोटी म्हणजे भाताच्या गिरण्यांचे गाव, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इगतपुरी तालुक्यात पाऊस इतका की आवणीच्या दिवसांत इरल्याखाली वाकलेली माणसे या बांधावरून त्या बांधावर दिसत नाहीत, नुसती हाळी ऐकू येते. पण हाच पाऊस सरला, भात झोडून झाले की जमीन मोकळी आणि हात रिकामे. त्या काळी पुष्कळ माणसे कामाला मुंबई गाठायची. १९५७ सालच्या हिवाळ्यात तात्याही गेले. माझा जन्म त्याच्या पुढच्या श्रावणातला. दाणाबंदरला ते धान्याची पोती वाहायचे. चार महिने काम केले, पाठीला घट्टे पाडून घेतले, घरी कर्ज फेडण्यापुरते पैसे आणले आणि त्यासोबत ती गोष्ट आणली.

एका रविवारी त्यांच्याबरोबरच्या हमालाने त्यांना सिनेमाला नेले. नवे पैसे नुकतेच निघाले होते, त्यामुळे तिकिटाच्या खिडकीवर आणे आणि नवे पैसे यांचा हिशेब जमवताना दोघांची तारांबळ उडाली, इथून तात्यांची गोष्ट सुरू व्हायची. मग ते आत शिरायचे. "आत शिरलो तर काय! थेटर कसलं, राजाचा दरबार. काचेचं झुंबर आपल्या गवताच्या उडवीएवढं. वर घुमट, त्याला आठ पाकळ्या. भिंतीला सोन्याची वेलबुट्टी. आणि त्या दरबारात बसून आम्ही बघितलं काय, तर शेतात नांगरणारी माणसं!"

इथे ऐकणारे हसायचे. सोन्याच्या दरबारात नांगराचा सिनेमा? बोहाड्याच्या दिवसांत, रात्री सोंगे निघायच्या आधी, पारावर माणसे जमली की कुणीतरी मुद्दाम म्हणायचे, "तात्या, तुमचा घुमट काढा." आणि तात्या काढायचे. दर वेळी झुंबर थोडे मोठे व्हायचे, हेही खरे.

मी हायस्कुलाच्या शेवटच्या वर्षाला होतो. साल १९७५. शाळेत जाणारे पोर म्हणजे घरात सगळ्यांत शहाणे, असा माझा समज होता. त्या वर्षीच्या बोहाड्याला शाळेतले चार मित्र पाहायला आले होते. पारावर तात्यांनी घुमट काढला. झुंबर उडवीएवढे म्हटल्यावर माझे मित्र तोंडावर हात धरून हसले. मला लाज वाटली. मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालो, "तात्या, पुरे करा आता थापा. पोती वाहणाऱ्याला कोण घेतंय दरबारात?"

संबळ वाजत होता, पण पारावर एकदम शांत झाले. तात्या रागावले नाहीत. त्यांनी हातातला पलिता दुसऱ्याकडे दिला आणि घरी गेले. त्यानंतर त्यांच्या तोंडून मी ती गोष्ट पुन्हा कधी ऐकली नाही.

पुढे मी कर्ता झालो. एकदा, १९८६ सालची गोष्ट असावी, तात्या ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "एकदा मुंबईला जाऊ का रे दोघं? तुला एक जागा दाखवायची होती." मी म्हणालो, "तात्या, आवणी तोंडावर आली." आवणी खरेच तोंडावर आली होती. पण आवणीनंतर श्रावण आला, दिवाळी आली, भात घरात आले आणि मी तो विषय काढला नाही. १९९१ साली तात्या गेले. घोटीला रेल्वेचे स्टेशन आहे. मुंबई पूर्वीही काही सातासमुद्रापार नव्हती. सकाळी निघाले तर दुपारी पोचावे एवढे अंतर. तेवढे मी तात्यांना घेऊन गेलो नाही.

आता गेल्या पौषातली हकिगत सांगतो. भात मिलवर घातले होते, हाताशी चार दिवस होते. माझी लेक डोंबिवलीला दिलेली आहे. नातवाला भेटायचे म्हणून मी आणि कारभारीण निघालो. घोटीहून जीपने घाट उतरून कसारा, तिथून लोकल. जावईबापूंच्या कचेरीतून त्यांना गाण्याच्या एका कार्यक्रमाची दोन तिकिटे मिळाली होती. ते म्हणाले, "मामा, मला काम निघालंय. तुम्ही जा हिच्याबरोबर. गाणं इंग्रजांच्या पद्धतीचं आहे, कळेल न कळेल, पण जागा बघण्यासारखी आहे."

मी विचारले, "कोणती जागा?"

"रॉयल ऑपेरा हाऊस. गिरगावात, चर्नी रोडला."

खरे सांगतो वाचकहो, तेव्हाही माझ्या डोक्यात काही आले नाही. तात्यांनी थेटराचे नाव कधी सांगितलेच नव्हते. त्यांना ते वाचता आले नव्हते.

दादरला गाडी बदलून आम्ही चर्नी रोडला उतरलो आणि चालत निघालो. अंगावर धुवट सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी. लेकीला म्हटले, "मला दारातच अडवतील बघ." ती म्हणाली, "आप्पा, तिकीट आपल्या हातात आहे." मोठ्या रस्त्याच्या तोंडावर ती इमारत उभी होती. कमानी, खांब, सज्जे, दगडात कोरलेली फुले-पाने. दारावरच्या माणसाने तिकीट पाहिले आणि "या काका" म्हणून वाट दाखवली. मी उगाचच घाबरलो होतो.

आत पाऊल टाकले आणि समोर झुंबरे. काचेच्या लोलकांची, दिव्यांनी लखलखणारी. मी मान वर केली आणि तशीच राहिली. घुमट. मी बोट दाखवून मोजू लागलो. एक, दोन, तीन... आठ भाग. पुन्हा मोजले. आठच. भिंतींवर सोनेरी वेलबुट्टी होतीच. लेक म्हणाली, "आप्पा, काय झालं? घेरी आली का?" मी म्हणालो, "तुझे आजोबा इथं आले होते."

मग तिने माहिती सांगितली, पुढे मीही थोडी मिळवली. ती तुम्हालाही सांगतो, कारण या वास्तूची हकिगत ऐकण्यासारखी आहे. कलकत्त्याचे नाटकधंद्यातले मॉरिस बँडमन आणि मुंबईचे कोळशाचे दलाल जहांगीर फ्रामजी कराका या दोघांनी मिळून ती उभारली. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा हिंदुस्थानात आला तेव्हा बांधकाम पुरे झाले नव्हते, तरी त्याच्या हस्ते उद्घाटन करून घेतले. दिवाणखान्यातली झुंबरे ससून घराण्याने दिलेली. घुमटाचे आठ भाग हे कवी, गायक, नाटककार, कादंबरीकार यांना वाहिलेले. वरच्या सज्जातल्या स्वस्त जागेवरही रंगमंच नीट दिसावा आणि शब्द ऐकू यावा, अशी आतली रचना केलेली आहे.

पुढे बोलपटांचे दिवस आले आणि नाटकाच्या जागी तिथे सिनेमा लागू लागला. तरी नाटक अगदी सुटले नाही. पृथ्वीराज कपूर आपल्या पृथ्वी थिएटर्सची नाटके तिथे करत. १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी ही वास्तू घेतली. आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट मुंबईत याच थेटरात लागला. पासष्ट आठवडे तो तिथे चालला.

तो चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. एक जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगातून काढून ओसाड जमिनीवर नेतो, त्यांच्याकडून ती कसून घेतो. भाजी पिकते, बाजारात जाते आणि माणसे सुधारतात. कथा ग. दि. माडगूळकरांची. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत काढली होती, तिच्यावरून ती सुचलेली. म्हणजे सोन्याच्या दरबारात बसून तात्यांनी जे पाहिले, ते खरोखरच शेतात राबणारी माणसे होती. १९५७ चा तो हिवाळा, तो दरबार, तो सिनेमा. एकूण एक गोष्ट खरी होती. झुंबर तेवढे उडवीएवढे नव्हते. पण पोती वाहून वाकलेल्या पंचविशीतल्या पोराने खालून वर पाहिले असेल, तेव्हा त्याला ते तेवढे वाटले असेल.

घंटा झाली, आम्ही सज्जात जाऊन बसलो. कार्यक्रमाबद्दलही सांगतो. 'ऑपेरा' म्हणजे गाऊन केलेले नाटक. आपल्या संगीत नाटकात पात्रे बोलतात आणि मधे पद म्हणतात. यांच्याकडे बरेचदा बोलणेसुद्धा गाऊनच. इटली देशात सुमारे सव्वाचारशे वर्षांपूर्वी हा प्रकार सुरू झाला आणि १६३७ साली व्हेनिस शहरात तिकीट लावून ऑपेरा दाखवणारे पहिले थेटर निघाले. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणले, तेव्हा आपल्या मराठी माणसांनाही गाण्याच्या नाटकाचे असेच वेड लागले होते.

त्या दिवशी पुरे नाटक नव्हते, निवडक गाणी होती. एक बाई, दोन पुरुष, एक पियानो आणि चार-पाच वादक. मी पाहत होतो की ध्वनिक्षेपक कुठे आहे. नव्हताच. गाणारा माणूस नुसता उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि त्याचा आवाज पार आमच्या सज्जापर्यंत आला. कुठे ओरडणे नाही, ताणणे नाही. आमच्याकडे आवणीला या टोकाची बाई त्या टोकाला हाळी देते, ती पावसातूनही पोचते. बोहाड्याचा सूत्रधार पूर्वी पलित्यांच्या उजेडात उभा राहून बोलायचा, तर शेवटच्या माणसाला ऐकू जायचे. तशीच ही कमाई. एवढेच की इथे घुमट आणि भिंती त्या आवाजाला हात देतात. आता आमच्याकडे लग्नाच्या वरातीत भोंग्यांच्या भिंती उभ्या करतात आणि छाती धडधडते, पण शब्द एक कळत नाही. ते आठवले.

मग एक धिप्पाड आवाजाचा गायक आला. लेकीच्या हातात कार्यक्रमाचा कागद होता. ती कानाशी लागून सांगू लागली. व्हर्डी नावाच्या इटालियन संगीतकाराच्या 'ला त्राव्हियाता' या ऑपेरातले हे गाणे, १८५३ सालचे. एक तरुण मुलगा घरदार सोडून शहरात एका बाईच्या प्रेमात पडला आहे. त्याचा म्हातारा बाप गावाकडून आला आहे. "आप्पा, तो बाप मुलाला सांगतोय, आपला मुलूख विसरलास का, आपली माती विसरलास का. तुझ्या बापाने तुझ्यामागे किती सोसलं ते तुला ठाऊक नाही. घरी चल."

मला इटालियन भाषेतले अक्षर कळत नव्हते. पण बाप मुलाला बोलावतो आहे आणि मुलगा तोंड फिरवून उभा आहे, हे कळायला भाषा कशाला लागते? तो गायक मोठ्याने गात नव्हता. ओट्यावर बसून माणूस बोलतो तसा गात होता. "एकदा मुंबईला जाऊ का रे दोघं?" मी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे पुसले. शेजारच्या बाईंनी पाहिले असेल. मला त्याचे काही वाटले नाही.

या व्हर्डीबद्दल पुढे कळले ते शेतकऱ्याने जरूर ऐकावे. १८१३ साली एका खेड्यात तो जन्मला, बाप खाणावळ चालवायचा. गाण्याने जगभर नाव आणि पैसा मिळाल्यावर त्याने काय केले, तर १८४८ साली जन्मगावाजवळच जमीन घेतली आणि तिथेच जाऊन राहिला. झाडे लावली, पाण्याची सोय केली, गुरांच्या बाजाराला स्वतः जायचा. आपण शेतकरी आहोत असे तो अभिमानाने सांगे. परिसरातल्या गरिबांसाठी त्याने १८८८ साली दवाखाना बांधून दिला. १९०१ साली सत्त्याऐंशीव्या वर्षी तो वारला. सोन्याच्या दरबारातले ते गाणेसुद्धा शेवटी माती ओळखणाऱ्याच माणसाचे निघाले.

मधल्या सुटीत मी पुन्हा दिवाणखान्यात आलो आणि घुमटाखाली उभा राहिलो. लेकीने आणखी एक गोष्ट सांगितली. १९९३ साली हे थेटर बंद पडले ते तेवीस वर्षे बंदच राहिले. पावसाचे पाणी झिरपले, लाकूड कुजले. मग आभा नारायण लांबा या वास्तुतज्ज्ञ बाईंनी जुने फोटो शोधून, रंगाचे थर एकेक करून खरवडून, मूळचे रूप हुडकून काढले. २०१६ साली दारे पुन्हा उघडली आणि २०१७ साली युनेस्कोने या कामाला पुरस्कार दिला. आता ५७५ माणसे बसतात.

मी मनाशी हिशेब केला. तात्या १९९१ ला गेले, थेटर १९९३ ला बंद पडले. म्हणजे तात्यांनी मला विचारले तेव्हा ते चालू होते. एक दिवस आणि दोन तिकिटे, एवढाच खर्च होता. इमारतीवरचे थर खरवडता येतात, त्याला माणसे आहेत, विद्या आहे. माणूस गेल्यावर त्याच्यापुढे बोललेला शब्द खरवडता येत नाही.

गावी परतलो. तात्यांचे एक जोडीदार अजून आहेत, नव्वदी ओलांडलेले. पारावर त्यांच्याच शेजारी बसून तात्या गोष्ट सांगायचे. मी त्यांच्या ओट्यावर गेलो. लेकीने काढलेले फोटो दाखवले. त्यांनी मोबाइल डोळ्यांपाशी नेला, बराच वेळ घुमट पाहिला आणि बोटाने पाकळ्या मोजल्या.

मी म्हणालो, "बाबा, तात्या खोटं बोलत नव्हते."

ते म्हणाले, "आम्हाला कुठं खोटं वाटत होतं? आम्ही हसायचो ते गंमत म्हणून. तो सांगायचा झोकात, म्हणून तर त्याला सांगायला लावायचो. तुझ्या एकट्याला खोटं वाटलं."

मी गप्प बसलो. थोड्या वेळाने त्यांनीच पाठीवर हात ठेवला. "अरे, तो रागावला नव्हता तुझ्यावर. मला म्हणाला होता, पोरगं शिकलंय, पुराव्याशिवाय मानत नाही. त्याला एकदा नेऊन दाखवीन."

वाचकहो, एवढीच हकिगत. यंदा बोहाड्याच्या पहिल्या रात्री, सोंगे निघायच्या आधी, पारावर पोरे जमली होती. मी उभा राहिलो आणि तात्यांची गोष्ट सांगितली. दाणाबंदरची पोती, नवे पैसे, झुंबर, आठ पाकळ्यांचा घुमट, नांगरणारी माणसे, सगळी ओळीने. ध्वनिक्षेपक घेतला नाही. झुंबर किती मोठे होते म्हणून एका पोराने विचारले. मी म्हणालो, "गवताच्या उडवीएवढं."

पोरे हसली. माझा नातूही हसला. मला बरे वाटले.

तुमच्या घरात असे कुणी गोष्ट सांगणारे असेल, तर त्यांना आजच विचारा की ती जागा कुठे आहे. आवणी झाली की त्यांना घेऊन निघा. आवणी दर वर्षी येते. घोटीहून सकाळी निघाले तर दुपारी मुंबईला पोचता येते.